दुष्काळ, कर्ज आणि गुन्हा

एकोणिसाव्या शतकांत जर्मनींतील बव्हेरिया राज्यांत राय नांवाच्या धान्याची भाकरी हेंच सामान्य लोकांचें मुख्य अन्न होतें. गेओर्ग फॉन मायर या संख्याशास्त्रज्ञानें १८६७ सालीं त्या राज्यांतील १८३५ ते १८६१ पर्यंतच्या गुन्ह्यांची नोंद व बाजारांतील रायचे भाव शेजारीं शेजारीं मांडून पाहिले. रायचा भाव सहा क्रॉइत्सरांनीं चढला कीं दर लाख वस्तीमागें सुमारें एक चोरी अधिक होई, आणि तितकाच उतरला कीं एक चोरी कमी होई, असें त्यास आढळून आलें. चोर हा उपजत स्वभावानेंच चोर असतो, या रूढ समजुतीस या साध्या कोष्टकानें मोठाच धक्का दिला. माणसांचा स्वभाव पीकपाणी पाहून दरसाल पालटत नाहीं. पालटते ती त्यांची परिस्थिति.

परंतु तेवढ्यावरून दारिद्र्य हेंच गुन्ह्याचें मूळ होय, असा निष्कर्ष काढणें घाईचें ठरेल. त्याच बव्हेरियांत भाकरी महागली म्हणजे चोऱ्या वाढत हें खरें, पण मारामाऱ्या व हिंसेचे गुन्हे मात्र कमी होत. अलीकडे अर्थशास्त्रज्ञांनीं त्या काळच्या पावसाच्या नोंदी तपासून या दोन्ही गोष्टी पुन्हां पडताळून पाहिल्या आहेत. महागाईच्या वर्षीं बियरहि महाग होई व पिणें आटोक्यांत राही, असें हिंसा घटण्याचें कारण ते देतात. तिकडे फ्रान्समध्यें आंद्रे-मिशेल गेरी या वकिलानें १८३३ सालींच गुन्ह्यांच्या प्रमाणाप्रमाणें देशाचे नकाशे रंगवून दाखविले होते. त्यांत गरीब प्रांतांत मालमत्तेचे गुन्हे थोडे आणि सधन प्रांतांत अधिक, असें उलटेंच चित्र दिसलें. बेल्जियमचा अडॉल्फ केतले यानें १८३५ सालीं या कोड्याचा उलगडा सुचविला. नुसतें दारिद्र्य माणसास गुन्ह्याकडे ढकलीत नाहीं. बऱ्या स्थितींतून एकाएकीं हलाखींत येणें, आणि आपल्या हलाखीशेजारींच दुसऱ्याचें वैभव डोळ्यांपुढें असणें, या दोन गोष्टी ढकलतात, असें त्याचें म्हणणें होतें.

केतलेच्या या म्हणण्याचा कस पाहावयाचा असेल, तर त्यासाठीं युरोपांतच शोध घेत राहण्याचें कारण नाहीं. १८७५ ते १८७९ या पांच वर्षांत पुणें व अहमदनगर (आजचें अहिल्यानगर) या जिल्ह्यांत जें घडलें, त्यांत आर्थिक स्थिति, कायदा आणि गुन्हा यांचा परस्परसंबंध जितका उघडा दिसतो, तितका तो क्वचितच कोठें दिसत असेल.

पेशवाई गेल्यानंतर मुंबई इलाख्यांत रयतवारी पद्धति आली. सरकार आणि शेतकरी यांच्यामध्यें कोणी जमीनदार नाहीं. शेतकऱ्यानें आपल्या क्षेत्राचा सारा रोख पैशांत सरकारांत भरावा, असा तिचा दंडक होता. १८३० नंतरच्या दशकांत गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं इंदापूरपासून नवी पाहणी सुरू केली आणि तीस वर्षांच्या मुदतीनें सारा ठरविण्यांत आला. पाऊस येवो न येवो, हप्त्याची तारीख चुकत नसे. भीमथडी, शिरूर, पारनेर, श्रीगोंदें हा सारा अवर्षणाचा मुलूख. तेथें हप्त्याच्या वेळीं शेतकऱ्याच्या हातीं रोकड नसणें हीच नेहमींची स्थिति. ती रोकड देणारा गांवांत एकच, तो म्हणजे सावकार.

सावकारी ही कांहीं इंग्रजांनीं आणलेली नव्हे. परंतु पूर्वीं सावकार हा गांवाच्या मर्जीवर राहणारा असे. वसुलीसाठीं त्यास पाटील व पंचायत यांचेंच तोंड पाहावें लागे, आणि व्याज मुद्दलापेक्षां अधिक घेतां येऊं नये, हा दामदुपटीचा नियम सर्वांस ठाऊक असे. नव्या राजवटींत दिवाणी कोर्टें आलीं, जमीन विकण्याजोगी व जप्त करण्याजोगी वस्तु झाली, आणि सावकाराच्या मागें सरकारची सारी शक्ति उभी राहिली. १८५९ सालीं मुदतीचा कायदा झाला. खतावरचा दावा तीन वर्षांतच आणला पाहिजे, असें त्यानें ठरविलें. हेतु असा कीं व्याज वर्षानुवर्षें साचूं नये. घडलें तें मात्र अगदीं उलट. मुदत भरत आली कीं सावकार जुनें खत फाडी आणि मुद्दल व व्याज एकत्र करून नवें खत लिहून घेई.

हा हिशेब एकदां मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, एखाद्यानें शंभर रुपये दरसाल दरशेंकडा चोवीस व्याजानें घेतले आणि मध्यंतरीं कांहींच फेडलें नाहीं. तीन वर्षांनीं त्याच्या नांवावर १७२ रुपयांचें नवें खत होतें. सहा वर्षांनीं तें २९५, नऊ वर्षांनीं ५०८ आणि बारा वर्षांनीं ८७५ रुपयांवर जातें. दामदुपटीच्या नियमानें हें देणें कधींहि दोनशेंवर गेलें नसतें. पण दर खेपेस जुनें व्याज हेंच नवें मुद्दल होऊन बसल्यावर त्या नियमास पकडावयास कांहीं उरलेंच नाहीं. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावल्याचें एक उदाहरण पुढें चौकशी कमिशनपुढें आलें होतें. निरक्षर शेतकरी अंगठा उठवी. काय लिहिलें आहे हें त्यास कळत नसे, आणि कळलें तरी पुढच्या हप्त्यासाठीं पैसे हवे असत.

याच सुमारास केतलेनें सांगितलेला तो चढ आणि उतार आला. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें आणि तेथील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला. १८६२ पर्यंत इंग्लंडच्या कापसाच्या आयातींतील बहुतांश भाग हिंदुस्थानांतून जाऊं लागला. भाव भडकले. दख्खनच्या खेड्यांत कापसाखालच्या एकरामागें शंभर रुपयांपर्यंत आगाऊ रक्कम मिळूं लागली. रेल्वेच्या बांधकामांनीं मजुरीहि वाढविली. बैल, गाडी, विहीर, लग्नकार्य यांसाठीं कर्ज मागावें आणि सावकारानें हंसत द्यावें, असा तो काळ होता. १८६५ सालीं युद्ध संपलें, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईच्या शेअर बाजारांतील पेढ्याहि बसल्या. सावकारांनीं नवें कर्ज देण्याचें थांबवून जुन्याचा तगादा लाविला. नेमक्या त्याच वेळीं तीस वर्षांची मुदत संपून इंदापूरपासून फेरपाहणी सुरू झाली. तेजीच्या दिवसांतील भरभराट पाहून आंकलेला नवा सारा मंदीच्या दिवसांत भरावयाचा होता, आणि तो पुष्कळ ठिकाणीं पन्नास ते शंभर टक्क्यांनीं वाढला होता.

शेतकरी यापूर्वींहि गरीब होता. १८३२ सालीं तो कदाचित् १८७५ पेक्षांहि गरीब असेल. परंतु थोडी सुबत्ता पाहिलेल्या माणसाच्या हातून ती निसटत होती, आणि निसटून ती कोठें जात आहे हें त्याच्या डोळ्यांसमोर होतें.

शिरूर तालुक्यांतील करडें गांवीं १८७४ च्या डिसेंबरांत ठिणगी पडली. काळूराम नांवाच्या मारवाडी सावकारानें दीडशें रुपयांच्या देण्यापायीं बाबासाहेब देशमुख यांच्या घरावर हुकूमनामा मिळविला आणि तें घर पाडावयास काढलें. गांवास हें सहन झालें नाहीं. तथापि गांवानें प्रथम हातांत कुऱ्हाड घेतली नाहीं. सावकारांच्या दुकानीं जावयाचें नाहीं, त्यांचीं शेतें करावयाचीं नाहींत, न्हाव्यानें त्यांची हजामत करूं नये, त्यांच्या घरीं कोणी पाणी भरूं नये, असा बहिष्कार पडला. तो गांवोगांव पसरला. बहिष्कार हा कांहीं गुन्हा नव्हे. ज्यांस कोर्टांत दाद मिळत नाहीं, त्यांनीं समाजाच्या जुन्या शस्त्रानें दाद मागण्याचा तो यत्न होता.

१२ मे १८७५ रोजीं सुप्यास आठवड्याचा बाजार भरला होता. आज बारामती तालुक्यांत असलेलें हें गांव त्या वेळीं भीमथडी तालुक्यांतील मोठी पेठ होतें. भोंवतालच्या खेड्यांतील शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चालून गेला. त्यांची मागणी एकच होती: खतें व वह्या बाहेर काढा. त्या मिळाल्या त्या त्यांनीं भर रस्त्यावर जाळल्या. कांहीं धान्याचीं दुकानें लुटलीं गेलीं, आगीहि लागल्या. पुढील आठवड्यांत हें लोण पुणें व नगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गांवांत पोंचलें. पोलिसांच्या मदतीस लष्कर आणावें लागलें. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ माणसें पकडलीं गेलीं आणि त्यांपैकीं ५०१ जणांस शिक्षा झाल्या.

सरकारी दप्तरांत या साऱ्याची नोंद दंगा, लूट व जाळपोळ अशी झाली, आणि कायद्याच्या भाषेंत ती चुकीची नव्हती. परंतु या गुन्ह्यांची जात पाहिली पाहिजे. जेथें सावकारानें निमूटपणें खतें हवालीं केलीं, तेथें बहुधा त्याच्या केसासहि धक्का लागला नाहीं. जमावास सोनें-नाण्यापेक्षां कागद अधिक हवा होता. ज्या कागदावर आपला अंगठा आहे तो नाहींसा झाला म्हणजे आपलें पाश तुटले, अशी त्या भोळ्या माणसांची समजूत होती. चोरी करणारास धन हवें असतें. येथें हवी होती ती सुटका. हा भेद ध्यानांत घेतला नाहीं, तर गुन्ह्यांच्या आंकड्यांतील दंग्यांचा रकाना भरतो, पण त्याचा अर्थ हातीं लागत नाहीं.

न्यायासाठीं हेंहि सांगावयास हवें कीं, सारा दोष सावकारावर लोटून देणें सोपें असलें तरी खरें नाहीं. सारा रोखीनें मागणारें सरकार, मुदतीचा कायदा, प्रतिवादी गैरहजर म्हणून एकतर्फी निकाल देणारें दूरचें कोर्ट, हीं सर्व त्या खताचीं अदृश्य साक्षीदार होतीं. सरकारनें नेमलेल्या कमिशनचा अहवाल १८७८ सालीं ब्रिटिश पार्लमेंटपुढें आला. त्यांत सावकारी व कायद्याचे दोष तपशीलवार मांडलेले आहेत. वाढलेल्या साऱ्याची जबाबदारी पत्करण्यास मात्र सरकार नाखूष दिसतें. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत सारा, कोर्टकचेरी आणि कुळकर्णी-सावकार या सर्वांस एकाच पंक्तीस बसविलें, तें याच अनुभवाच्या जोरावर.

दंग्यांचा धुरळा खालीं बसतो न बसतो तोंच १८७६ चा पाऊस हुकला. १८७६ ते १८७८ या दुष्काळांत हिंदुस्थानांत पन्नास लाखांहून अधिक माणसें दगावलीं असावींत, असा अंदाज आहे. दुष्काळी कामांवरील मजुरी घटविण्यांत आली, तेव्हां मुंबई इलाख्यांत हजारों मजुरांनीं कामें सोडून दिलीं आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. चोऱ्या व दरोडे वाढले. मद्रास इलाख्यांतील दरोड्यांची संख्याहि याच दुष्काळांत, आणि पुढें १९१८ च्या महागाईंत, धान्याच्या भावाबरोबर उसळल्याचें इतिहासकारांनीं दाखविलें आहे. बव्हेरियाचेंच कोष्टक येथें पुन्हां दिसतें; भाकरी तेवढी रायच्या ऐवजीं ज्वारी-नाचणीची.

दुष्काळाच्या या होरपळींतूनच वासुदेव बळवंत फडके यांचें बंड उभें राहिलें. पुण्याच्या लष्करी हिशेबखात्यांत कारकुनी करणाऱ्या या गृहस्थानें १८७९ च्या फेब्रुवारींत शिरूर तालुक्यांतील धामारी येथें पहिला छापा घातला. त्यांचे साथीदार मुख्यतः रामोशी होते. फडके यांचा उद्देश राजकीय होता. परंतु त्यांच्यामागें आलेल्या माणसांचा पूर्वेतिहास पाहिला म्हणजे गुन्हेगार कसे घडतात यावर आणखी एक प्रकाशझोत पडतो.

रामोशी हे मूळचे राखणदार. गांवांत चोरी झाली कीं रामोशानें माग काढावा, आणि माग न लागल्यास नुकसान भरून द्यावें, अशी रूढि होती. त्याबद्दल त्यास गांवाकडून हक्काचें धान्य व जमीन मिळे. पुरंदरसारख्या किल्ल्यांच्या राखणीचें कामहि त्यांच्याकडे असे. पेशवाई बुडाली, किल्ल्यांवरील शिबंदी सुटली, हक्क खालसा होऊं लागले. अशा राखणदारांनींच उमाजी नाईक यांच्या मागें १८२६ पासून पुण्याच्या डोंगरांत बंड माजविलें. सरकारनें मध्यंतरीं उमाजीस माफी देऊन चाकरींतहि घेतलें होतें. अखेर ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं पुण्यास त्यांस फांशी देण्यांत आली. काल चोर पकडणें हा ज्यांचा धंदा, तेच आज दरोडेखोर ठरले. मधल्या काळांत त्यांचें रक्त बदललें नव्हतें. त्यांची भाकरी बंद झाली होती.

असे प्रश्न राज्यकर्त्यांपुढें येतात तेव्हां उत्तराचे मार्ग दोन असतात, आणि ते दोन्ही याच दशकांत चोखाळले गेले, हा या इतिहासाचा अत्यंत बोधप्रद भाग होय.

पहिला मार्ग १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा. गुन्हा हा कांहीं जातींचा पिढीजात धंदा आहे, असें गृहीत धरून सबंध जमातींची नोंद करावी, त्यांनीं हजेरी द्यावी, परवान्यावांचून गांव सोडूं नये, अशी त्याची योजना होती. आरंभीं तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्यानें तो सर्व देशास लागू करतां येऊं लागला. मुंबई इलाख्यांत सोलापूरसारख्या ठिकाणीं तारेच्या कुंपणांत वसाहती उभारून तेथील माणसांस गिरण्यांत कामास धाडण्यांत येई. मीठ व धान्य बैलांवरून वाहणाऱ्यांचा धंदा रेल्वेनें बुडविला, जंगलावर जगणाऱ्यांस जंगल कायद्यांनीं बाहेर काढलें. आणि ते भटकतात म्हणून त्यांस गुन्हेगार ठरविलें. जन्मास आलेलें मूलहि संशयित! हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं देशभर रद्द झाला. विमुक्त झालेल्या जमाती तो दिवस आजहि पाळतात. परंतु कायद्याच्या पुस्तकांतून खोडलेला शिक्का समाजाच्या व ठाण्यांच्या मनांतून पुसला गेला आहे, असें म्हणतां येत नाहीं. चोरी झाली कीं प्रथम त्यांच्याच पालावर जाणारी पावलें अद्याप थांबलेलीं नाहींत.

दुसरा मार्ग १८७९ च्या दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्याचा. पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस तो लागू झाला. न्यायाधीशानें नुसत्या खतावर न थांबतां मूळ व्यवहार किती रुपयांचा होता हें खणून काढावें, देणें हप्त्यांनीं फेडण्याची सवलत द्यावी, कर्जापायीं शेतकऱ्यास कैदेंत टाकूं नये, स्पष्टपणें गहाण न दिलेली जमीन विकूं नये, खत गांवच्या रजिस्ट्रारासमोर व्हावें, असें त्यानें ठरविलें. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं या कायद्याखालील खास न्यायाधीश म्हणून पुढें काम पाहिलें. हा कायदाहि निर्दोष नव्हता. सावकार गहाणाऐवजीं खरेदीखतच लिहून घेऊं लागले. ज्याची पत थोडी त्यास कर्जच मिळेनासें झालें. सारा तर पूर्वीप्रमाणेंच द्यावा लागे. पेढी बंद केली तरी पैशाची गरज बंद होत नाहीं, हें ओळखून १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा करावा लागला.

तरीहि या दोन मार्गांतील अंतर मोठें आहे. एकानें माणसांवर पहारा बसविला, दुसऱ्यानें व्यवहारावर. खतें जाळण्याचा तसा व्यापक उठाव त्या जिल्ह्यांत पुन्हां झाला नाहीं. जमातींवरच्या पहाऱ्यानें मात्र, जो गुन्हेगार नव्हता त्यासहि दुसरा धंदा करतां येऊं नये, अशी तजवीज करून ठेविली.

यावरून परिस्थिति हीच सर्व कांहीं आहे, असेंहि म्हणतां यावयाचें नाहीं. अमेरिकेंत २००८ सालीं मोठी मंदी आली, लाखों लोक बेकार झाले, तरी तेथील गुन्ह्यांचें प्रमाण वाढलें नाहीं. पूर्वींपासून चाललेली घटच पुढें चालू राहिली. दुष्काळाच्या वर्षींहि बहुसंख्य उपाशी माणसें चोरी न करतांच मेलीं, ही गोष्ट त्यांच्या स्मृतीस स्मरून सांगितली पाहिजे. शिवाय खोटें खत लिहिणें, अंगठा फसवून घेणें, हिशेबाची वही दडविणें, हे भरल्या पोटींचे गुन्हे. ते पोलिसांच्या नोंदींत फारसे उतरत नसत. सुप्यास जळालेल्या वह्यांची नोंद झाली. त्या वह्यांत काय लिहिलें होतें, हें पाहावयास मात्र कमिशन नेमावें लागलें.

गरिबी आणि गुन्हा यांच्यामध्यें आणखी एक गोष्ट उभी असते. ती म्हणजे दाद लागण्याची आशा. करड्याच्या लोकांनीं आधीं बहिष्कार घातला. कोर्टांत त्यांस न्याय मिळता, तर सुप्याचा बाजार बाजारच राहिला असता. म्हणून एखाद्या वर्षीं गुन्ह्यांचा आंकडा चढलेला दिसला, तर पोलिसांची संख्या पाहण्याबरोबरच त्या सालचा पाऊस, धान्याचा भाव, कर्जाचा दर आणि कोर्टाच्या दारीं तिष्ठणाऱ्यांची रांग याहि गोष्टी पाहाव्या. ठाण्याची नोंद ही पुष्कळदां शेवटचें पान असतें. कहाणी त्याच्या कितीतरी आधीं, एखाद्या कोऱ्या कागदावर उमटलेल्या अंगठ्यापासून सुरू झालेली असते.